खालच्या नळीतलं पाणी

रंगाचा थेंब चुकून खालच्या नळीत पडला आणि महनूरचं बोलणं वाक्याच्या मधोमध थांबलं.

समोर एम.एस्सी.ची बारा मुलंमुली उभी होती आणि महनूर त्यांना गाळणीचा धडा देत होती. गाळणी म्हणजे बोटाएवढी दुमजली प्लास्टिकची नळी. वरच्या मजल्याच्या तळाला पातळ पडदा आणि त्याखाली पाणी झेलायला दुसरी नळी. बियांचा अर्क वर ओतायचा आणि नळी यंत्रात घालून गरगरा फिरवायची. जड प्रथिनं पडद्यावर अडकतात, हलकीसलकी पाण्याबरोबर खाली उतरतात. किती जड आणि किती हलकी, याचा आकडा पडद्यावर ठरलेला असतो. या गाळणीचा आकडा होता तीस हजार डाल्टन. डाल्टन हे कणांचं वजन मोजायचं माप. तीस हजारांच्या वरचं वर, त्याखालचं खाली. मग वर उरलेल्यात रंगाचा एक थेंब टाकायचा. रंग मुळात तपकिरी; प्रथिन भेटलं की निळा होतो, नाही भेटलं तर तसाच राहतो.

धड्यासाठी महनूरने मुद्दाम रानतुरीच्या बियांचा शुद्ध केलेला अर्क घेतला होता. 'काहीच नाही' हे कसं दिसतं ते पोरांनी एकदा बघून ठेवावं म्हणून. रानतुरीच्या अर्कातलं काही या पडद्यावर राहत नाही, हे या प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होतं. वरच्या नळीत तिने थेंब टाकला, तो तपकिरीच राहिला. तिने तो पोरांना दाखवला, खालचं पाणी फेकायचं असतं असं सांगता सांगता हात हलला आणि दुसरा थेंब त्या फेकायच्या पाण्यात गेला. बघता बघता पाणी शाईसारखं निळं झालं.

एका मुलीने विचारलंच, फेकाचं पाणी काऊन निळं झालं म्हणून. पिपेट खराब असेल, असं महनूरने सांगून टाकलं आणि दहा मिनिटं आधीच वर्ग सोडला. पिपेट नवंकोरं होतं.

महनूर सोनाळ्याची. अब्बा रहेमतुल्ला रजया भरतात, आणि पंचक्रोशीतल्या अर्ध्या घरांत लोक त्यांच्याच हातच्या उबेत झोपतात. मुलगी शेगावजवळच्या या कॉलेजात संशोधन करते म्हणजे नेमकं काय करते, हे अब्बांना कधी कळलं नाही, पण अकरा दिवसांनी तिची पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा आहे हे कळलं होतं. त्या दिवशी पेढे वाटायचे की शीरखुर्मा करायचा यावरून घरात आत्ताच दोन तट पडले होते. प्रबंध हरभऱ्यावरचा, बांधून तयार, मार्गदर्शक वानखडे सरांच्या टेबलावर. अशा वेळी शहाण्या माणसाने फेकायच्या पाण्यात डोकावू नये. पण महनूरला बसवेना. तिने चहा मागवला आणि तो टेबलावर गार होत राहिला. दोनदा दारापर्यंत गेली, दोनदा परत आली, आणि शेवटी गाळण्यांचा डबा उघडून पुन्हा कामाला लागली.

कारण रानतूर तिची नव्हती. ती रेणुकाची होती.

पिंपळगाव राजा गावची रेणुका ही वानखडे सरांची पहिली विद्यार्थिनी. सातपुड्याच्या पायथ्याला रानटी तूर आपसूक उगवते. शेतातल्या तुरीच्या शेंगा अळी पोखरून खाते आणि शेजारच्या रानतुरीकडे मात्र सहसा फिरकत नाही. का, एवढाच रेणुकाचा प्रश्न होता. चार वर्षं राबून तिने रानतुरीच्या बियांतून एक प्रथिन वेगळं काढलं, अळीचं पचनच बंद पाडणारं. वजन बेचाळीस हजार डाल्टन. एकसारखे दोन तुकडे, एकवीस-एकवीस हजारांचे, एकमेकांना मिठी मारून बसलेले. सरांनी ते परिषदेत जाहीर केलं, टाळ्या पडल्या. मग कोणीतरी म्हणालं, दुसऱ्या हाताने करून दाखवा. तो दुसरा हात महनूरचा होता. नुकतीच आलेली, कोऱ्या ॲप्रनची.

तिने तीनदा केलं. तीनही वेळा पडद्यावर काही उरलं नाही. बेचाळीस हजारांचं प्रथिन तीस हजारांच्या पडद्यातून निसटेल कसं? म्हणजे ते नव्हतंच. गाळायच्या आधी अर्क निळा व्हायचा हे खरं, पण ते बारीकसारीक काहीतरी असेल, असं सगळ्यांनी धरून टाकलं. महनूरने दोन ओळींचा अहवाल लिहून खाली सही केली. विद्यापीठाच्या तीन माणसांच्या समितीने त्या दोन ओळींवर रेणुकाचा शोधनिबंध मागे घ्यायला लावला, पीएच.डी.ची नोंदणी रद्द केली, आणि रेणुकाने आकडे रचले असं न लिहिता सगळ्यांना कळेल असं लिहिलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे चोर नव्हताच, सुळी तेवढी तयार होती. रेणुका आता खामगावात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लोकांच्या दंडाला रबरी पट्टी बांधते.

दुपारपर्यंत महनूरने अर्क पुन्हा दोनदा गाळला. वर तपकिरी, खाली निळं. पुन्हा तेच. मग तिने खालच्या पाण्याचं वजन काढलं. साबणासारख्या द्रावणात उकळून (उकळलं की जोडी सुटतेच), जेलमधून विजेने पळवून. एकवीस हजारांवर एकच काळी रेघ उठली. रेणुकाची जुनी वही कपाटात होती. तिच्यातल्या फोटोतली रेघ आणि ही रेघ बरोबर एका ओळीत बसली.

तरीही तिने स्वतःची समजूत घातली, वजन जुळलं म्हणजे प्रथिन तेच असं नाही. एकवीस हजारांचं दुसरंही काही असू शकतं. म्हणून तिने एक्स-रेची जुनी फिल्म घेतली. या फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. अळीच्या पोटातला पाचकरस टाकला की तो थर खातो आणि तिथे काचेसारखं स्वच्छ भोक दिसतं. एका जागी तिने नुसता रस टाकला, दुसऱ्या जागी खालच्या नळीतलं पाणी मिसळून. वीस मिनिटं ती घड्याळाकडे आणि फिल्मकडे आळीपाळीने बघत उभी राहिली. नळाखाली फिल्म धरली तेव्हा पहिला ठिपका आरपार झाला होता. दुसरा जसाच्या तसा काळा.

अळीचं पचन बंद पडलं होतं. तीन वर्षं जे नव्हतंच, ते खाली होतं.

महनूर स्टुलावर बसली. आधी आनंद झाला, हे कबूल करायला हवं. बिचारीने इतकी वर्षं गाळण्या फिरवल्यात. पण प्रथिन खरं असेल तर रेणुका खोटी नव्हती. आणि रेणुका खोटी नसेल, तर त्या दोन ओळींचं काय?

आता प्रश्न एकच राहिला. दोन तुकड्यांनी मिठी सोडली की एकवीस हजारांचा एकेकटा तुकडा तीस हजारांच्या पडद्यातून सहज खाली जाणार, हे उघड होतं. मग रेणुकाच्या हातून ते वर कसं राहिलं? मिठी तेव्हा सुटली नाही, आता का सुटते? हे सांगता आल्याशिवाय समितीपुढे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

दोन दिवस महनूर दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत राहिली. बी तेच, सातपुड्यातलं. पडदा तोच, यंत्र तेच, फिरवायचा वेळ तोच. क्षार तेच, ग्रॅमपर्यंत तेवढेच. पाणी डिस्टिल्ड, दोन्हीकडे डिस्टिल्ड. अब्बांचा फोन आला तर ती हं हं करत राहिली, आणि परीक्षेला कोणता सूट घालणार या अम्मीच्या प्रश्नाला तिने 'तीस हजार' असं उत्तर दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी विमलबाई काचेची भांडी धूत होत्या. विमलबाई प्रयोगशाळेच्या परिचर. कॉलेजच्या पहिल्या विटेपासून इथे आहेत आणि हे त्या स्वतःच सांगतात. महनूरने सहज, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यांना विचारलं की रेणुकाताईच्या वेळी इथे काय वेगळं होतं. विमलबाईंनी हात न थांबवता यादी सुरू केली. खिडकीला जाळी नव्हती, पंखा एकच होता, फ्रीज जुना होता, पाणी शुद्ध करायची मशीन बंद होती.

"बंद होती म्हंजे?"

"कॉइल जळली होती नं, माय. मीठ बसे तिच्यावर, बोटभर थर. खारपाणपट्टा हाय हा, इथल्या बोअरनं तांब्याचं भांडं टिकत नाई, मशीन काय टिकीन? दीड वर्ष बंदच. नवी आली ते तू आली त्याच महिन्यात."

मग ताई पाणी कोणतं वापरत होत्या, असं महनूरने विचारलं तेव्हा विमलबाईंचे हात थांबले. डिस्टिल्डच्या कॅनमध्ये त्या बोअरचंच भरत होत्या. सरांना माहीत होतं. ताईलाही माहीत होतं. होतं ते पाणी, दुसरं आणायचं कुठून?

पूर्णेच्या काठचा हा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. नव्या पाहुण्याला इथला चहा खारट लागतो आणि इथल्या माणसाला बाहेरगावचा अळणी. जन्मभर जे पाणी प्यायलो, ते प्रयोगातली एक वस्तू आहे, हे कोणाच्या डोक्यात येणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

महनूरने कॅन घेतला आणि स्वतः बोअरच्या नळाखाली भरला. त्या पाण्यात क्षार मिसळले, रानतुरीचं पीठ भिजवलं, रेणुकाच्या वहीत लिहिल्याप्रमाणे एकेक पायरी केली. यंत्र फिरत होतं तेवढा वेळ ती त्याच्या झाकणावर तळहात ठेवून उभी होती, जणू हाताच्या दाबाने ते लवकर थांबणार होतं. थांबल्यावर तिने दोन्हीकडे रंगाचे थेंब टाकले.

वर निळं. खाली जवळजवळ तपकिरी, नावाला निळसर झाक. तीस हजारांचा पडदा बेचाळीस हजारांना थोडा सैलच पडतो. अशा कामाला निम्म्या वजनाचा किंवा त्याहून बारीक पडदा घ्यावा, पण या प्रयोगशाळेत होते तेवढे तीस हजारांचेच. बाकी रेणुकाच्या वहीत लिहिलं होतं तसंच. खाऱ्या पाण्यात ते दोन तुकडे एकमेकांना धरून राहिले होते. कॉलेजात शुद्ध पाणी आलं आणि मिठी सुटली.

यानंतर महनूरला हसू यायला हवं होतं. पण तिला एक जुनी गोष्ट आठवली, आठवली म्हणण्यापेक्षा तिने ती तीन वर्षं आठवू दिली नव्हती. तिसऱ्यांदा गाळून झाल्यावर खालचं पाणी तिने बेसिनमध्ये ओतलं होतं आणि त्याला फेस आला होता. चांगला दाट फेस, हळूहळू बसणारा. पाण्यात प्रथिन भरपूर असलं की असा फेस येतो, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. एक थेंब टाकून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण सर घाईत होते, समितीला उत्तर त्याच दिवशी हवं होतं, ती नवी होती, आणि खालचं पाणी फेकायचं असतं असं तिला शिकवलं होतं. तिने नळ सोडला आणि फेस वाहून गेला. खाई त्याला खवखवे म्हणतात. तिला तीन वर्षं खवखवत होतं आणि ती त्याला कामाचा ताण म्हणत होती.

वानखडे सर वाईट माणूस असते तर सोपं झालं असतं. हेच सर मोटरसायकलवर सोनाळ्याला येऊन, अब्बांच्या कापसाच्या ढिगाजवळ बैठक मारून, मुलीला पुढे शिकू द्या म्हणून दोन तास बोलले होते. महनूरने दोन्ही नळ्या, जेल आणि फिल्म त्यांच्या टेबलावर मांडली. त्यांनी जेल जवळ ओढून बघितलं. मग चष्मा काढून पुसला. मशीन बंद होती तेव्हा 'डिस्टिल्ड' असंच लिही, हे आपणच रेणुकाला सांगितलं होतं, असं ते स्वतःहून बोलले. बोअरच्या पाण्यावर केलेलं काम कोणत्या मासिकाने छापलं असतं? समितीपुढे ते पाण्याबद्दल बोलले होते का, असं महनूरने विचारलं.

"कोणी इचारलंच नाई," सर म्हणाले. "आन् खरं सांगू का, मले वाटलंही नाई. पाण्यानं काय होते, असंच वाटलं."

पुढचं ते समजुतीने बोलले. परीक्षा आठ दिवसांवर आहे. ती होऊ दे. मग खाऱ्या पाण्याने ही जोडी टिकते हे महनूरने नवीन संशोधन म्हणून छापावं, स्वतःच्या नावाने. चांगलं काम आहे, नाव होईल. जुनी समिती उकरली तर आधी सरांच्या सहीचा प्रश्न येईल, मग तिच्या. आणि तिच्या सहीचा प्रश्न आला की हरभऱ्याचा प्रबंधही कोणी डोळे झाकून मान्य करणार नाही. रेणुकाचं काय, जे झालं ते झालं, ती आता तिच्या कामाला लागली आहे.

महनूरने नळ्या उचलल्या, डब्यात बर्फ भरला आणि खामगावची एसटी पकडली.

गाडीत जागा होती, पण ती दांड्याला धरून उभीच राहिली. वाटेत तिने मनाशी बोलायची तयारी केली. पाण्याचं सांगायचं, मशीनचं सांगायचं, जोडीचं सांगायचं. ताई, तुम्ही खऱ्या होत्या, असं सांगायचं. एवढं पुरेसं होतं. फेसाचं सांगायची काही गरज नव्हती. फेसाने प्रयोगात काहीच बदलत नव्हतं. खामगाव येईपर्यंत हे तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

लॅबमध्ये गर्दी होती. रेणुका एका म्हाताऱ्या बाईची शीर चाचपत होती. तिने महनूरला बघितलं, ओळखलं, आणि बाकाकडे बोट केलं. महनूर उपाशीपोटी आलेल्या लोकांच्या रांगेत डबा मांडीवर घेऊन पाऊण तास बसली. शेवटी रेणुकाने हातमोजे काढले आणि तिला आतल्या खोलीत नेलं, जिथे एक टेबल, एक छोटा फ्रीज आणि दोन खुर्च्या एवढंच होतं.

महनूरने सांगितलं, तयारी केली होती तेवढं. ओळीने नाही झालं, मध्येच फिल्म पुढे, मध्येच मशीन मागे. रेणुका ऐकत होती, चेहरा कोरा. नळ्या पुढे केल्यावर मात्र तिने त्या उजेडाकडे धरल्या आणि तिचा सगळा चेहराच बदलला. पहिला प्रश्न तिने विचारला तो ना रडण्याचा होता ना रागाचा. बोअरच्या पाण्यात एकूण क्षार किती निघाले, मोजले का, आणि नुसतं मीठ घालून केलं तर जोडी टिकते की त्यातलं कॅल्शियमच लागतं, हे तिला हवं होतं. महनूरने अजून केलं नाही म्हणताच तिने नाराजीने मान हलवली. तीन वर्षं रक्ताच्या बाटल्या मोजूनही ही बाई अजून प्रयोगशाळेतच उभी होती.

रेणुकाने नळ्या बर्फात ठेवल्या. झाकण लावलं. मग शांतपणे विचारलं.

"तवा खालचं पाह्यलं होतं का तू?"

एवढंच. महनूरने अख्ख्या प्रवासात जे घडी करून ठेवलं होतं ते एका वाक्याने उलगडलं. बाहेर कोणीतरी नंबर पुकारत होतं.

"नाई पाह्यलं, ताई," ती म्हणाली. "पण फेस आला होता. बेसिनमंधी ओतलं तवा. मले दिसला होता. मी नळ सोडून देल्ला."

रेणुका खुर्चीवर टेकली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत राहिली. महनूरला वाटलं, आता ही उठेल, दार उघडेल आणि बाहेर हो म्हणेल, आणि तसं केलं तर त्यात चूक काय? माफी मागायची होती, पण माफ करा हे दोन शब्द इतके हलके वाटले की ते तिच्या तोंडातून निघेनात.

"सर काय म्हणतात?" रेणुकाने विचारलं.

सर काय म्हणतात ते महनूरने सांगितलं, एकही शब्द न गाळता. नवीन संशोधन, स्वतःच्या नावाने, आठ दिवस थांब.

"आन् तू?"

"मी इथं आली," महनूर म्हणाली.

रेणुकाने टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि पेन पुढे केलं. "मंग लिहून दे. तवा लिहून देल्लं होतं तसंच. दोन ओळी."

दोन ओळींत काही मावेना. महनूरने लिहिलं की रानतुरीचं प्रथिन खरं आहे. खाऱ्या पाण्यात ते जोडीने राहतं आणि पडद्यावर अडकतं, शुद्ध पाण्यात जोडी सुटते आणि ते पडद्याखाली जातं. तीन वर्षांपूर्वी मी पडद्याखालचं पाणी तपासलं नाही. त्यात प्रथिन असल्याची खूण मला दिसली होती, तरी तपासलं नाही आणि अहवालावर सही केली. शेवटची ओळ लिहिताना आठ दिवसांनी समोर बसणारे परीक्षक, बांधून ठेवलेला प्रबंध, अब्बांचे पेढे, सगळं त्या ओळीवर येऊन उभं राहिलं. तिने पूर्ण नाव लिहून सही केली आणि कागद वळवला.

रेणुकाने दोनदा वाचला. मग पेन मागितलं.

"पाण्याचं अर्धंच लिहिलं तू," ती म्हणाली. "ते बोअरचं हाय, हे मले मालूम होतं. वहीत डिस्टिल्ड लिहिलं ते म्या लिहिलं. सरानं सांगितलं मनून, पण हात माझाच होता."

महनूरने तिला थांबवायचा प्रयत्न केला. हे लिहिलं तर समिती म्हणेल, बघा, शेवटी खोटं लिहिलंच होतं. सुटता सुटता ताई पुन्हा अडकतील. न लिहिल्याने काही बिघडत नव्हतं, पाण्याचं विमलबाई सांगतील. रेणुकाने ऐकून घेतलं.

"पाणी लिहिलं असतं," ती म्हणाली, "तर तू बोअरच्या पाण्यात केलं असतं. आन् तुले वरच भेटलं असतं."

महनूरने कागद तिच्यापुढे सरकवला. रेणुकाने महनूरच्या सहीखाली तिरप्या, भरभर अक्षरात चार ओळी लिहिल्या. मशीन कधीपासून बंद होती, पाणी कुठलं होतं, वहीत काय लिहिलं आणि काय लिहायला हवं होतं. सरांचं नाव तिने लिहिलं नाही. ते त्यांनी त्यांच्या हाताने लिहावं, एवढंच म्हणाली. दार ढकलून एका मुलीने डोकं आत घातलं, बाहेर सहा पेशंट बसलेत म्हणाली. आलेच, असं रेणुका म्हणाली.

तिने सही केली. सहीखाली नाव लिहिलं. नावाखाली, अशा कागदावर हुद्दा लिहितात तिथे, तिचं पेन थांबलं. अंगातला पांढरा कोट लॅबचा होता, खिशावर लॅबचं नाव शिवलेलं होतं. महनूर खाली मान घालून बसली, कारण त्या क्षणी तिकडे बघायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. पेनाचा आवाज पुन्हा आला तेव्हा तिने वर पाहिलं.

'संशोधक', एवढंच रेणुकाने लिहिलं होतं. तिने कागदाची घडी करून महनूरच्या हातात दिली, नवे हातमोजे चढवले आणि दार उघडून पुढचा नंबर पुकारला.